दुनळी ठासणीचं पिस्तूल : लाकडात पूर्ण मापाची प्रतिकृती

वेंगुर्लेकर

होड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांपैकी बरेचजण इथे आहेत, म्हणून हा धागा इथेच काढतोय. यंदा होडीऐवजी दुनळी ठासणीचं, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं, पिस्तूल हाती घेतलंय. पूर्ण मापाचं, पण कधीही न उडणारं. नळ्या भरीव लाकडाच्या आणि गाभ्यात लोखंड. तोंडाशी नळी दिसावी इतपतच खोलगा.

मला हे पिस्तूल आवडतं ते त्यातल्या जुळणीमुळे. एकनळी पिस्तूल समजायला सोपं असतं. दुसरी नळी शेजारी आली की सगळंच अवघड होतं. दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप, दोन्ही बाजूंना एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दोन लॉक (घोडा उडवणारी कळ), आणि हे सगळं एका मुठीत मावलं पाहिजे. जुन्या कारागिरांनी ते कसं माववलं असेल हे चित्र बघून कळत नाही. स्वतः लाकूड तासायला घेतलं की कळायला लागतं.

नमुना म्हणून हौदा पिस्तूल घेतलंय. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जाणारे गोरे साहेब हे बाळगत. जखमी वाघ हत्तीवर चढून हौद्यापर्यंत आला तर लांब रायफल फिरवायला जागाही नसते आणि वेळही. मग जवळून दोन मोठे बार. त्यामुळे नळ्या आखूड आणि तोंड मोठं. इटलीची पेडरसोली कंपनी आजही अशा पिस्तुलाची ठासणीची आवृत्ती २० बोअरमध्ये बनवते. २० बोअर म्हणजे १ पौंड शिशातून २० गोळ्या होतील एवढ्या व्यासाची नळी, साधारण १५.६ मिलिमीटर. १२ बोअर १८.५ मिलिमीटरच्या आसपास जाते. आकडा लहान तशी नळी मोठी.

माझी मापं अशी. नळीची लांबी ८ इंच, मागचा बाहेरचा व्यास २६ मिलिमीटर, तोंडाशी २१. आता इथे पहिली गंमत येते. अशा निमुळत्या दोन नळ्या नुसत्या एकमेकींना चिकटवल्या तर मागे त्यांचे मध्य २६ मिलिमीटर लांब आणि पुढे २१. ८ इंचांत ५ मिलिमीटर जवळ आले. त्या रेषा पुढे वाढवा, तोंडापासून मीटरभराच्याही आत एकमेकींना छेदतात. त्यापुढे उजवी नळी डावीकडे बघते आणि डावी उजवीकडे. म्हणून जुने कारागीर मागच्या बाजूला आतल्या अंगाने दोन्ही नळ्या सपाट तासत आणि मध्य जवळ आणत. मी प्रत्येकी २ मिलिमीटर तासलं तर मागचं अंतर २२ होतं, पुढचं २१च राहतं, आणि रेषा साडेचार मीटरच्या जरा अलीकडे भेटतात. खऱ्या पिस्तुलात हे अंतर किती ठेवायचं यावर त्या कारागिराची ओळख ठरायची. मधली खाच भरायला वर एक पट्टी, खाली एक पट्टी. खालच्या पट्टीत गज, म्हणजे ठासायचा दांडा, बसतो.

नळ्यांवर डमास्कसची नक्षी हवी आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, भट्टीत ठोकून जोडायच्या, की नळीवर नागमोडी वळ्या उमटतात. बेल्जियममधलं लिएज या कामासाठी नावाजलेलं होतं. लाकडावर ती नक्षी उमटवायची कशी, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न दस्त्यासाठी कोणतं लाकूड घ्यावं. तिसरा, पिस्तुलावरच्या पितळी भागांना आपल्या हवेत कसं सांभाळायचं.

---

गडवाटा

वाचतोय. विषय जिव्हाळ्याचा आहे. एकच सुचवतो, हौदा पिस्तुलापेक्षा आंग्र्यांच्या आरमारातलं पिस्तूल करा ना. विजयदुर्ग हाकेवर असताना वाघाच्या शिकारीचं पिस्तूल कशाला? कान्होजींच्या सरदाराच्या शेल्यात खोचलेलं दुनळी डोळ्यांसमोर येतं.

---

वेंगुर्लेकर

गडवाटा, मनात तेही होतं. पण माझा नमुना टोपीचा आहे, आणि कान्होजी गेले १७२९ साली. घोड्याखाली तांब्याची टोपी ठेवून बार उडवायची पद्धत त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी रुळली. फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट १८०७ साली घेतलं. पाखरं मारायला जाई तेव्हा चकमकीच्या बंदुकीतला जाळ बघून पाखरं आधीच उडत, म्हणून त्याने हा खटाटोप केला. टोप्या प्रत्यक्षात वापरात आल्या त्या १८२० नंतर. म्हणजे आंग्र्यांसाठी करायचं तर गारेच्या चकमकीचं करायला हवं, आणि लढाईत मुख्य भर तेव्हा तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, बंदुकांवरच होता. विजयदुर्ग पडला १७५६ मध्ये, तेव्हाही टोपी नव्हतीच.

टोपीचं पिस्तूल आपल्या भागात बसवायचं तर १८४४ चं गडकऱ्यांचं बंड घ्या. मनोहर-मनसंतोष गडावर कंपनीची फौज आली तो काळ. फौजेत टोपीची शस्त्रं त्याच सुमारास येत होती. कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या कमरेला असं दुनळी असणं शक्य आहे. बघायला बरं वाटणारं नाही, पण काळाला धरून आहे.

---

गडवाटा

मान्य. तरीही आरमारातली एक गोष्ट उचला. जहाजावरच्या पिस्तुलाचा गज बिजागरीने नळीला कायमचा जोडलेला असे, बाहेर ओढून तोंडात उलटा घालायचा, पण सुटून पाण्यात पडायचा नाही. घोडेस्वारांच्या पिस्तुलांनाही तसाच असे. कमरपट्ट्यात अडकवायला बाजूला लांब आकडाही असायचा. आणि समुद्रावरच्या आखूड बंदुकांच्या नळ्या अनेकदा पितळी असत, कारण खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. हे वेंगुर्ल्याच्या माणसाला सांगायला नको.

---

खाडीपलीकडे

दादा, एक विचारू का? नळ्या भरीव का करताय? व्हिडिओत बघितलंय, अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये ठासणीची पिस्तुलं जोडतात, किट मिळतं, रविवारी जाऊन उडवतात. माझ्या मावसभावाकडे कुडाळला लेथ आहे. नळी आरपार पोकळ करायला त्याला अर्धा तास पुरेल. एवढी मेहनत करून ते उडणारच नसेल तर काय उपयोग?

---

वेंगुर्लेकर

विचारलंस ते बरं केलंस. तुझ्यासारखं बऱ्याच जणांच्या मनात येतं.

तिकडे तो छंद होऊ शकतो, कारण त्यांच्या १९६८ च्या कायद्याने काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या प्रतिकृती नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येतून वेगळ्या काढल्या. आपल्याकडे तशी सूट नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवताच येत नाही. ठासणीचं असो की आणखी कसलं. कलम ६ तर नकली बंदुकीची खरी करण्यालाही परवाना मागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवल्यास किमान ७ वर्षांची कैद आहे, जन्मठेपेपर्यंत. त्यात तुझ्या मावसभावाचा लेथही जप्त होईल आणि तोही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी करणार नाही. बर्मिंगहॅमला १८१३ पासून प्रत्येक नळी जादा दारू भरून तपासायचा सरकारी शिरस्ता होता. शिक्का त्यानंतरच बसे. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या घराण्यांच्या नळ्याही त्या तपासणीत फुटत. घरच्या लेथवर केलेली नळी कोणत्या तपासणीतून जाणार? ती माणसाच्या हातातच तपासली जाणार. एखादा बोटं गमावून बसेल, एखादा डोळा. म्हणून या धाग्यावर चालणारी नळी, कान (बार पेटवायचं छिद्र), दारू यांबद्दल कुणी विचारू नये, मीही सांगणार नाही.

आणि उपयोग म्हणशील, तर होडीची प्रतिकृती कुठे मासेमारीला जाते?

---

खाडीपलीकडे

पटलं दादा. भावाला लाकडाचंच काम करायला सांगतो, त्याच्याकडे लाकडाचा छोटा लेथही आहे. नळ्या कातायच्या असतील तर सांगा.

---

आगरातला

आमच्या आजोबांकडे शेती राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. एकनळी. आगरात वांदर आणि डुकर येयत, तेव्हा बार काढूक लागायचो. निवडणूक इली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करूची. नेमको आंब्या-काजूचो हंगाम आणि बंदूक ठाण्यात. अजून तसाच चलता. कायद्यातच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकेचो परवानो लिवलेलो आसा, म्हणान कोकणात त्यो अजून दिसतत.

माका सांगूचा हा, की आजोबा पावसाळ्यात बंदूक माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वर टांगून ठेवत. बाहेर ठेवली तर महिन्याभरात तांबेरा धरी. तुमच्या पितळेक तसा होवचा नाय, पण हिरवो थर नक्की येतलो.

---

वेंगुर्लेकर

आगरातलानु, चुलीच्या धुराची गोष्ट लाखमोलाची. शहरातल्या कुठल्याही दुकानात हे कोणी सांगणार नाही. ती बंदूक आता कुठे आहे?

---

आगरातला

आजोबा गेल्यावर परवानो वडिलांच्या नावावर झालो नाय, म्हणान बंदूक ठाण्यात जमा केली. लायसनवाल्या माणसाच्या मागे ती घरात ठेवणा बरोबर नाय. फोटो आसा, दस्त्यावर वडिलांच्या हाताची खूण दिसता.

---

तळ्याकाठची

नमस्कार. सावंतवाडीची आहे, माहेर चितार आळीजवळचं. डमास्कसच्या नक्षीबद्दल लिहिते.

लाकडावर धातूची नक्षी कोरत बसू नका, रंगवा. गंजिफाच्या पत्त्यावर जे काम चालतं तेच इथे लागेल. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, प्रत्येकावर बोटभर जागेत मत्स्य, कूर्म, वराह असे बारीक ब्रशने काढायचे, वर लाखेचा थर. ज्या हाताला ते जमतं त्याला नळीवरच्या नागमोडी रेघा मुळीच अवघड नाहीत. आधी तपकिरी जमीन करून घ्या. खऱ्या नळ्यासुद्धा आम्लाने मुद्दाम तपकिरी करत असं वाचलंय, तर रंग तोच ठेवा. त्यावर किंचित फिकट तपकिरीने वळ्या, आणि प्रत्येक वळीची एकच कड गडद. दोन्ही कडा गडद केल्यात की साप काढल्यासारखं दिसेल. वळ्या नळीभोवती तिरक्या फिरल्या पाहिजेत, कारण पट्टी गुंडाळलेली असते. आडव्या काढल्यात तर ओळखणारा लगेच ओळखेल.

नळी लेथवर असतानाच तपकिरी थर लाखेने द्यायचा असेल तर तोही मार्ग आहे. लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. कर्नाटकात चन्नपट्टणला लाकडी खेळणी करणारे मग वर केवड्याच्या जातीचं पान घासून चकाकी आणतात. आपल्या किनाऱ्यावर केवड्याला तोटा नाही, करून बघायला हरकत नाही. मात्र लाखेवर रंग धरत नाही, त्यामुळे चित्र हवं असेल तर आधी रंग, मग पारदर्शक लाख किंवा वॉर्निश.

---

वेंगुर्लेकर

तळ्याकाठची ताई, हा प्रतिसाद वाचून मी कामच थांबवलं आणि कागदावर वळ्या काढत बसलो. एक कड गडद करण्याची युक्ती एवढी साधी आहे आणि त्यावरच सगळं अवलंबून आहे. ताई, हे काम मी स्वतः करू की एखाद्या चिताऱ्याकडे द्यावं?

---

तळ्याकाठची

पहिली नळी स्वतः करा, भाऊ. दुसरी करायच्या आधी कुणा जाणत्याला नेऊन दाखवा. आणि काम बाहेर दिलंत तर त्याचा मोबदला नीट द्या. पांगाऱ्याच्या लाकडाची फळं, भाज्या, पाट रंगवणाऱ्या हातांना घासाघीस करणारी गिऱ्हाइकंच जास्त भेटतात.

---

शिसवी

सुतारकाम माझं पिढीजात आहे, म्हणून दस्त्याबद्दल बोलतो.

युरोपात दस्ता अक्रोडाचा. आपल्याकडे शिसव उत्तम. नवीन घेऊ नका, जुन्या पलंगाचा पाय किंवा मोडक्या झोपाळ्याची कडी-पाटी शोधा. तीस-चाळीस पावसाळे घरात काढलेलं लाकूड आता हलणार नाही. फणसही चालेल, पण तो पिवळा असतो, रंगवावा लागतो. साग मुठीला नको, बारीक कोपऱ्यांत त्याचे कपचे उडतात.

खरी अडचण मुठीच्या वळणाची. नळ्यांच्या मागून दस्ता खाली वळतो तिथे सगळ्यात बारीक लाकूड राहतं, आणि दोन्ही बाजूंनी लॉकसाठी खोदलेलं असतं. सरळ फळीतून ते वळण कापलंत तर रेषा आडव्या येतात आणि एक दिवस हातातून पडलं की तिथेच मोडतं. होडी बांधणारे बरगड्यांसाठी मुळातच वाकलेली फांदी शोधतात, तसं इथेही वाकलेलं लाकूड शोधा. रेषा वळणाबरोबर फिरल्या पाहिजेत.

अजून एक. दोन प्रकारचे लॉक असतात. एकात मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, घोड्याच्या पुढे, नळीच्या बाजूला असते. दुसऱ्यात ती मागे, मुठीकडे. मागची कमान घेतलीत तर पुढचं लाकूड शाबूत राहतं पण मूठ पोकळ होते. तुमच्या प्रतिकृतीत आत कमान लागणारच नाही म्हणता, मग बाहेरची तबकडी कुठल्या प्रकारची हवी ते आधी ठरवा. आकारावरूनच जाणकार ओळखतो.

---

वेंगुर्लेकर

शिसवी, पुढच्या कमानीचीच तबकडी करतोय, मूठ भरीव राहावी म्हणून. आत फक्त एक छोटी पट्टी, घोडा मागे ओढला की अर्ध्यावर एकदा आणि पूर्ण ओढल्यावर एकदा टक्क वाजेल एवढीच. घोड्यांची डोकी आत वाकलेली हवीत, कारण निपल, म्हणजे टोपी बसते ती तोटी, नळीच्या माथ्यावर मध्याकडे सरकलेली असते. सरळ घोडे लावले की पिस्तूल दोन कानांच्या सशासारखं दिसतं. निपल भरीव पितळी. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा, जुना रिवाज तसाच.

वजनाचं काय केलं तेही सांगतो. नुसत्या लाकडाच्या नळ्या हातात पोकळ वाटतात. म्हणून गाभ्यात १२ मिलिमीटरची सळई. घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, १२ ची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते. १८ सेंटिमीटरचे दोन तुकडे म्हणजे ३२० ग्रॅम. आणि सळई आत असली की ही नळी कुणालाही, कधीही पोकळ करता येत नाही. दोन्ही कामं एकाच तुकड्याने होतात याचं मला फार समाधान आहे.

---

शिसवी

विचार चांगला, पण सळई नको. पावसाळ्यात लाकडातून ओल आत जाईल, लोखंड गंजेल, गंज फुगतो आणि तुमची नळी उभी तडकेल. शिवाय लोखंड ओल्या लाकडाला लागलं की लाकूड काळं पडतं. स्टेनलेसचा १२ मिलिमीटरचा गोल घ्या, वजन जवळजवळ तेवढंच भरेल. बाहेरून एपॉक्सी लावून बसवा.

भोक आधी पाडा, मग लेथवर नळी काता. उलटं केलंत तर भोक मध्यावर येणार नाही, आणि ४ मिलिमीटरच्या भिंतीत तेवढी चूक परवडत नाही.

---

खाडीपलीकडे

भाऊ म्हणतो, त्याच्या लेथवर आधी भोक पाडून दोन्ही टोकांना लाकडी गुल्ल्या मारून कातता येईल. शिसव आणून द्या.

---

आगरातला

आमच्या काकांकडे जुन्या खाटेचे दोन पाय आसत, शिसवाचे. घेवन जावा. एक वाकडो आसा, दस्त्याक बरो.

---

गडवाटा

तयार झाल्यावर एक काळजी घ्या. घरात भिंतीवर ठीक आहे. पण शिमग्याच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत कमरेला लावून हिंडू नका, लांबून बघणाऱ्या पोलिसाला आत सळई आहे की नाही ते दिसत नाही. दशावतारी मंडळाला कुणी मागितलं तरी पेटीतून न्या आणि पेटीतून आणा. विमानाने नेऊच नका. करतानाचे फोटो क्रमाने ठेवा, भरीव गाभा दिसेल असे.

आणि कुणाच्या घरात खरं जुनं निघालं, शंभर वर्षांपूर्वीचं, तर ते घासूनपुसून विकायला काढू नये. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तसं ते आहे की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि तिला देशाबाहेर पाठवता येत नाही.

---

वेंगुर्लेकर

गडवाटा, फोटोंचं आजपासूनच सुरू करतो. मिरवणुकीचा प्रश्नच नाही.

ठरलं असं. खाटेचे दोन पाय आगरातल्यांच्या काकांकडून आणतो, सरळ पायातून नळ्या, वाकड्यातून दस्ता. स्टेनलेसचा गोल, शिसवी म्हणतात तसा. नळ्या कुडाळला कातून घेतो. पहिल्या नळीवरची नक्षी मी काढतो आणि ताई सांगतात तसं सावंतवाडीला दाखवून दुसरी करतो. दस्त्याला जवसाचं तेल, पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. पितळेला मेणाचा हात, आणि माझ्याकडे चूल नाही, म्हणून पावसाळ्यात काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या.

गजाला बिजागरी लावायची, आरमारी पिस्तुलासारखी. ती पितळेची पट्टी वाकवून करावी की कासाराकडून ओतून घ्यावी? वाकवलेल्या पट्टीचे दोन्ही हात सारखे यायला हवेत, नाहीतर गज तोंडाशी तिरका येतो. कुणी अशी बिजागरी केली असेल तर पट्टीची जाडी सांगा.

---

शिसवी

दीड मिलिमीटर घ्या. आधी लाल तापवून पाण्यात घाला म्हणजे मऊ होईल, मग वाकवा. दोन्ही हात एकत्र दाबून एकदम भोकं पाडा, सारखीच येतील.